हँगिंग वॉल कच्ची असताना स्टोप किती उघडा ठेवायचा?

प्रश्न असा आहे. मँगनीजची भूमिगत खाण, ओअर बॉडीची (खनिजाच्या पट्ट्याची) जाडी सहा-सात मीटर, उतार साठ अंशांच्या आसपास, दोन लेव्हलमधलं (खाणीच्या मजल्यांमधलं) अंतर ३० मीटर. फुटवॉल, म्हणजे ओअरखालची खडकाची भिंत, बरी आहे. हँगिंग वॉल, म्हणजे ओअरवर झुकलेली भिंत, अभ्रकाच्या शिस्टची (पापुद्र्यांच्या खडकाची), पापुद्रे सुटणारी, पावसाळ्यात पाझरणारी. आज कट अँड फिल (ओअरचा एकेक आडवा स्लाइस काढायचा आणि मोकळी जागा भरत जायचं) चालू आहे, पण उत्पादन कमी पडतं आणि वाळू परवडत नाही. म्हणून वरून सूचना आली आहे की २० मीटर लांबीचे मोठे स्टोप (ओअर काढून होणाऱ्या पोकळ्या) घ्या, लेव्हल ते लेव्हल सगळं ओअर लाँगहोलने (लांब भोकांतल्या सुरुंगांनी) पाडून काढा आणि भराव मागाहून सावकाश टाका. हे चालेल का, असं तुम्ही विचारलं आहे.

माझं उत्तर: या भिंतीखाली ते चालणार नाही. तुमच्या तक्रारीत मात्र तथ्य आहे आणि मधला मार्गही निघू शकतो. आधी कारण सांगतो, कारण बैठकीत तुम्हाला ते आकड्यांनिशी मांडावं लागेल.

पद्धत निवडताना आपल्याकडे ओअरची जाडी आणि उतार बघून तक्त्यात बोट ठेवायची सवय आहे. साठ अंश उतार, सहा मीटर जाडी, म्हणजे सबलेव्हल स्टोपिंग (लेव्हलच्या मध्ये उपमजले घेऊन मोठे उघडे स्टोप पाडणं) बसतं, असं तो तक्ता सांगतो. खडक चांगला असेल तर तेवढ्यावर निभावतं. खडक कच्चा असेल तेव्हा पहिले प्रश्न दोनच: एका वेळी भिंत किती उघडी पडते, आणि ती किती वेळ उघडी राहते. बाकी सगळं, म्हणजे ड्रिल कोणतं, ओअर उचलायला एलएचडी (बादलीचं लोडर) की स्क्रेपर, बोल्ट किती लांबीचे, हे त्यानंतर येतं.

वेळेचा अंदाज यायला बिएनियाव्स्कींच्या आरएमआर (खडकाच्या दर्जाचे शंभरपैकी गुण) वर्गीकरणातले आकडे पुरेसे बोलके आहेत. आरएमआर ४१ ते ६० असलेला मध्यम खडक ५ मीटरच्या गाळ्याला (मोकळ्या रुंदीला) साधारण आठवडाभर आधाराशिवाय उभा राहतो. २१ ते ४० मध्ये हाच हिशेब २.५ मीटर गाळा आणि १० तास असा होतो. वीसच्या खाली गेलात तर १ मीटर आणि अर्धा तास. हे आकडे बोगद्यांच्या अनुभवातून आलेले आहेत, स्टोपला जसेच्या तसे लावू नयेत. पण वर्ग एक पायरी उतरला की मुदत आठवड्यावरून तासांवर येते, हे त्यातून घ्यायचं. ‘भराव मागाहून टाकू’ म्हणणाऱ्याने त्या मागाहूनला किती आठवडे लागतील हे आधी सांगावं.

आता उघड्या क्षेत्राचा हिशेब. मॅथ्यूज यांनी सुरू केलेली आणि पुढे पॉटव्हिन यांनी सुधारलेली स्टॅबिलिटी ग्राफची पद्धत कागद-पेन्सिलीवर करता येते. तुमच्या शिस्टसाठी मी हे धरून चालतो: आरक्यूडी (कोअरमधल्या दहा सेंटिमीटरहून लांब तुकड्यांची टक्केवारी) ४०, सांध्यांचे तीन संच म्हणजे जेएन ९, सांधे सपाट आणि गुळगुळीत म्हणून जेआर १, त्यांच्यात अभ्रक आणि मऊ थर म्हणून जेए ४. यातून (४०/९ गुणिले १/४) क्यू-प्राइम, म्हणजे खडकाच्या दर्जाचा आकडा, येतो १.१. भिंतीवर दाब फार नाही म्हणून पहिला गुणक १. पापुद्रे भिंतीला समांतर आहेत म्हणून दुसरा ०.३. साठ अंशांच्या उतारासाठी तिसरा ५. गुणाकार येतो १.७ च्या आसपास. आलेखावर एवढ्या आकड्याला आधाराशिवाय टिकणारी हायड्रॉलिक रेडियस अडीच-तीन मीटरपर्यंतच असते.

हायड्रॉलिक रेडियस म्हणजे उघड्या भिंतीचं क्षेत्रफळ भागिले परिमिती. लेव्हलमधलं उभं अंतर ३० मीटर असलं तरी साठ अंशांच्या उतारावर भिंतीची लांबी जवळपास ३५ मीटर भरते, हे बरेच जण विसरतात. ३५ गुणिले २० म्हणजे ७००, परिमिती ११०, रेडियस ६.४. टिकते अडीच-तीनला आणि आपण मागतोय साडेसहा. हा बिंदू आलेखावर कोसळण्याच्या पट्ट्यात पडतो. केबल बोल्टने (खडकात सिमेंटने बसवलेल्या तारेच्या दोरांनी) तो ओढून सुरक्षित बाजूला आणता येत नाही, तेवढी केबल बोल्टची ताकद नसते.

आता तुमचा आजचा कट अँड फिल बघा. २.४ मीटरचा स्लाइस घेतल्यावर भरावापासून छतापर्यंत साडेचार मीटर मोकळं राहतं, उताराने मोजलं तर ५.२ मीटर. २० मीटर लांबीला रेडियस येते २.१. आणि इथे एक गोष्ट मनात पक्की करून ठेवा: उघडी पट्टी अरुंद असली की तिची लांबी कितीही वाढवली तरी रेडियस उंचीच्या निम्म्यापुढे जात नाही. ५.२ मीटरच्या पट्टीला २.६ ही कमाल मर्यादा. स्टोप ६० मीटर लांब असला तरी तो २.४ वरच राहतो. कच्च्या भिंतीखाली शंभर वर्षं ही पद्धत तगून राहिली ती या भूमितीमुळे.

मनसर, कांद्री, गुमगाव, चिखला, भरवेली या नागपूर-भंडारा-बालाघाटच्या पट्ट्यात काम केलेल्यांना ही भिंत ओळखीची आहे. सौसर गटातल्या खडकांचा हा पट्टा आहे. मँगनीजबरोबर येणाऱ्या शिस्टच्या थरांना भूगर्भशास्त्रात मनसरचंच नाव आहे. या शिस्टचा स्वभाव फसवा आहे. कोरड्या, ताज्या फेसवर (खोदकामाच्या तोंडावर) ती चकचकीत आणि घट्ट दिसते, पहारीने ठोकली तर खणखणीत वाजते. चार दिवस हवा आणि ओल लागली की पापुद्र्यांमधलं अभ्रक सुटं होतं, आवाज पोकळ येऊ लागतो आणि मग थाळीएवढे, पुढे दाराएवढे पत्रे सुटतात. त्यामुळे उघडल्या दिवशी केलेली तपासणी चौथ्या दिवसासाठी धरता येत नाही. जुने मायनिंग मेट म्हणायचे, भिंत बोलते. ते अगदी खरं आहे. बारीक खिरणं, बल्लीचा (लाकडी टेकूचा) करकर आवाज, बोल्टच्या प्लेटजवळ पडलेला भुगा, हे सगळे त्याच बोलण्याचे प्रकार. पण कान असलेला माणूस प्रत्येक पाळीला असेलच असं नाही, म्हणून टेल-टेल आणि टेप एक्स्टेन्सोमीटर ही भिंतीचं सरकणं मोजणारी साधनं लावाच. एकूण किती मिलिमीटर सरकली यापेक्षा रोज किती सरकते ते बघा. रोजचा वेग वाढत चालला असेल तर एकूण आकडा लहान असला तरी माणसं बाहेर काढायची. वेग कमी होत असेल तर भिंत बसते आहे.

कट अँड फिलची एक मर्यादा मात्र उघडपणे सांगितली पाहिजे. यात माणूस थेट ओअरच्या छताखाली उभा राहतो. भिंत कच्ची आणि ओअर पक्कं असेल तर ही पद्धत सोन्यासारखी. आपल्याकडचं ब्राउनाइटचं (मँगनीजच्या एका खनिजाचं) भरीव ओअर साधारण तसं असतं. पण थरांच्या घडीच्या नाकाजवळ किंवा शिअर झोनमध्ये (खडक घासून चुरलेल्या पट्ट्यात) ओअरच भुसभुशीत झालेलं असेल तर वरच्या दिशेने स्लाइस घेत जाणं धोक्याचं आहे. तिथे दिशा उलटी करावी लागते. वरून खाली यायचं, प्रत्येक स्लाइस सिमेंट मिसळलेल्या भरावाने भरायचा आणि पुढचा स्लाइस त्या भरावाच्या छताखाली घ्यायचा. निसर्गाने दिलेलं छत वाईट असेल तर आपण बनवलेल्या छताखाली काम करायचं. अमेरिकेतल्या नेव्हाडामधल्या सोन्याच्या खाणींनी अतिशय कमजोर खडकात हीच पद्धत चालवली. आयडाहोतल्या लकी फ्रायडे खाणीने १९८० च्या दशकात रॉकबर्स्टच्या (दाबाखालचा खडक अचानक फुटण्याच्या) त्रासामुळे ती स्वीकारली. तिचा खर्च सिमेंटचा, आणि शिस्तीचाही. दगडी भरावात सिमेंटचं प्रमाण सहा ते दहा टक्क्यांपर्यंत जातं, आणि एका पाळीने मिश्रणात हात आखडला की तो पुढच्या स्लाइसमधल्या माणसांच्या डोक्यावर येतो. तुमच्या वर्णनावरून संपूर्ण खाणीला याची गरज दिसत नाही. शिअर झोन ओलांडणाऱ्या एखाद्या स्टोपला लागू शकेल.

उत्पादनाकडे येतो. कट अँड फिल मंद आहे असं म्हणताना वेळ नेमका कुठे जातो हे पाळीनुसार लिहून काढा. ड्रिलिंग-ब्लास्टिंगमध्ये तो फारसा जात नसतो. जातो तो ड्रेसिंग (सुटे दगड पाडणं) आणि सपोर्टमध्ये, बॅरिकेड (भराव अडवणारी भिंत) बांधण्यात, आणि भरावाचं पाणी उतरायची वाट पाहण्यात. एकाच स्टोपवर अवलंबून असलात तर या प्रत्येक थांब्याला सगळी टोळी रिकामी बसते. तीन स्टोप फिरते ठेवले, एकात ड्रिलिंग, दुसऱ्यात लोडिंग, तिसऱ्यात भराव, की तीच माणसं आणि तीच यंत्रं बरंच जास्त काम देतात. दुसरी सुधारणा केबल बोल्टची. प्रत्येक स्लाइसला दीड मीटरचे बोल्ट मारत बसण्यापेक्षा दहा-बारा मीटरच्या केबल छतात आणि हँगिंग वॉलकडे तिरक्या घालून ठेवा. पुढचे तीन-चार स्लाइस त्याच केबलमधून कापत वर जाता येतं. छत आधीच शिवलेलं असतं आणि प्रत्येक फेरीचा वेळ वाचतो.

केबलबाबत दोन बाबतींत मी फार कडक आहे. आपल्या खाणींत वाइंडिंग किंवा हॉलेजचा बाद झालेला वायर रोप कापून केबल म्हणून वापरायची पद्धत आहे. त्यात गैर काही नाही, पण त्यावरचं ग्रीस पूर्ण निघालं पाहिजे. ग्रीस लागलेला रोप सिमेंट धरत नाही. बाहेरून बोल्ट मारलेला दिसतो आणि आत तो नुसता भोकात लोंबकळत असतो. पुल टेस्ट (बोल्ट ओढून पाहण्याची चाचणी) केल्याशिवाय हे कळत नाही, आणि ती टेस्ट खाली चार सोप्या बोल्टवर न करता भिंतीकडच्या ओल्या भोकांवर करायची. दुसरं म्हणजे ग्राऊटमधलं, म्हणजे भोकात भरायच्या सिमेंटच्या मिश्रणातलं, पाणी. पंप सहज चालावा म्हणून पाणी वाढवलं जातं. पाणी-सिमेंट प्रमाण ०.३५ ते ०.४० च्या वर गेलं की ग्राऊटची ताकद झपाट्याने पडते. वरच्या दिशेच्या भोकात पातळ ग्राऊट खाली गळून जातो आणि भोकाचं टोक रिकामं राहतं ते वेगळंच. बोल्टची दिशाही बघा. पापुद्र्यांना काटकोनात जाईल तेवढा तो उपयोगी, समांतर गेलेला बोल्ट काहीच शिवत नाही. ओल्या अभ्रकी भिंतीवर नुसतं शॉटक्रीट (फवारलेलं काँक्रीट) मारून समाधान मानू नका, ते आपल्या वजनाने पापुद्र्यासकट उतरतं. जाळी आणि बोल्ट आधी, शॉटक्रीट नंतर.

आता मधला मार्ग. तुमच्या व्यवस्थापनाला लाँगहोल हवंच असेल तर अव्होका पद्धतीचा विचार करा. लेव्हलच्या मध्ये दर १० मीटरला सबलेव्हल घ्यायची, एका टोकाकडून लाँगहोलने पाडत मागे यायचं, आणि भराव पाठोपाठ दुसऱ्या टोकाकडून ओतत यायचा. फेस आणि भराव यांच्यामधली मोकळी जागा थोडीच ठेवायची. खालच्या ड्राइव्हच्या (आडव्या बोगद्याच्या) तळापासून वरच्या ड्राइव्हच्या छतापर्यंत उताराने १५ मीटर धरले आणि उघडी लांबी ६ मीटर ठेवली तर रेडियस २.१ येते, म्हणजे कट अँड फिलएवढीच. आठ मीटर सोडलात तर २.६, ते सबलेव्हलमधून भिंतीत केबल घालूनच. माणूस उघड्या स्टोपमध्ये जात नाही, लोडिंग रिमोटने होतं, भरावाला खाणीतलाच फोडलेला दगड चालतो आणि वाळूचा प्रश्न बराच सुटतो. अट एकच: भराव पोहोचला नाही तर ब्लास्ट नाही. महिनाअखेरीस उत्पादनाचा आकडा गाठायला ‘एवढी एक रिंग (सुरुंगाच्या भोकांची रांग) उडवू’ असं झालं की सहाचे बारा मीटर होतात आणि सगळा हिशेब मोडतो. ही अट पाळण्याची ताकद संस्थेत नसेल तर कट अँड फिलवरच थांबा, हे माझं प्रामाणिक मत आहे.

लाँगहोल करताना भिंतीजवळची भोकं हँगिंग वॉलला समांतर आणि तिच्यापासून अर्धा मीटर तरी आत ठेवा, त्यांचा चार्ज हलका ठेवा. अर्ध्या मीटरची ओअरची कातडी भिंतीवर राहू दिली तर ओअर वाया गेलं म्हणून ओरड होते. पण तीच कातडी शिस्टला धरून ठेवते. शिस्ट ओअरमध्ये पडली तर सिलिका वाढते, ग्रेड उतरतो आणि तो माल पुन्हा निवडत बसावं लागतं. दोन्ही तोटे रुपयांत मांडून दाखवा, बहुतेक वेळा कातडी स्वस्त पडते.

वरचा खडक पडू द्यायची पद्धत, म्हणजे सबलेव्हल केव्हिंग, इथे कुणी सुचवली तर जमिनीच्या वर काय आहे ते आधी विचारा. स्वीडनमधल्या किरुनाला ती पद्धत प्रचंड लोहखनिजावर चालते, पण त्यासाठी शहराचा भाग हलवावा लागतो आहे. आपल्याकडे वर शेतं, वस्ती आणि जंगल असतं.

भरावाविषयी थोडं सविस्तर लिहितो, कारण ‘वाळू परवडत नाही’ हा तुमच्या प्रश्नाचा खरा गाभा आहे. भराव ही पद्धतीची मागची बाजू नाही, तोच तुमच्या भिंतीचा कायमचा आधार आहे. कन्हान, बावनथडी, वैनगंगेची वाळू दिवसेंदिवस दुर्मिळ होणार हे धरूनच चाला. पर्याय आहेत: ओव्हरबर्डनचा (खनिजावरचा टाकाऊ) दगड फोडून चाळलेला भराव, वॉशिंग प्लांटचं बारीक कण काढून टाकलेलं टेलिंग (खनिज काढल्यावर उरलेला गाळ), औष्णिक वीज केंद्राची तळराख. जादूगुडाच्या युरेनियम खाणीत बारीक कण वेगळे काढलेलं टेलिंगच स्टोपमध्ये भरलं जातं. राजस्थानातल्या रामपुरा आगुचा आणि सिंदेसर खुर्द इथे पेस्टफिलचे (सिमेंट मिसळलेल्या घट्ट लगद्याच्या भरावाचे) मोठे प्लांट आहेत. छोट्या खाणीला पेस्टचा भांडवली खर्च झेपणार नाही, पण फोडलेला दगड झेपेल.

हायड्रॉलिक (पाण्याबरोबर वाहून टाकायच्या) भरावासाठी कुठलाही पर्याय निवडा, पाणी किती वेगाने झिरपतं ते आधी प्रयोगशाळेत तपासा. ताशी १०० मिलिमीटर हा जुना ठोकताळा अजूनही सुरुवातीला धरायला चांगला आहे. उडती राख किंवा बारीक गाळ जास्त झाला की पाणी आत अडकतं. असा ओला भराव बॅरिकेडवर द्रवासारखा दाब देतो. २००० साली पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या ब्राँझविंग सोन्याच्या खाणीत बॅरिकेड फुटून भराव वाहत आला आणि तीन जण मृत्युमुखी पडले. तेव्हा बॅरिकेडमधून पाणी येतंय म्हणून घाबरू नका. भराव ओतला जातोय आणि बॅरिकेड कोरडं आहे, याची धास्ती घ्या. अशा वेळी भराव थांबवून खालच्या ड्राइव्हमधून सगळ्यांना बाजूला काढायचं.

आणखी एक ठिकाण दुर्लक्षित राहतं, ते म्हणजे दोन लेव्हलमधला शेवटचा क्राउन पिलर. खालून वर येत आलात की वरच्या लेव्हलखाली ओअरची पट्टी बारीक होत जाते आणि दाब तिच्यात गोळा होतो. वरच्या लेव्हलचा पहिला स्लाइस भरताना तळाला सळ्या घालून सिमेंटचा पक्का थर टाकला असेल तर हा पिलर नंतर त्याच्याखाली काढता येतो. ते केलेलं नसेल तर पिलर सोडावा लागतो. खोली वाढत जाईल तसा हा प्रश्न तीव्र होतो. कोलारच्या सोन्याच्या खाणी तीन किलोमीटरच्या पलीकडे गेल्या होत्या आणि रॉकबर्स्टच्या अनुभवातून तिथे ग्रॅनाइटच्या रचलेल्या भिंतींऐवजी काँक्रीटचा भराव आला. आपल्या पट्ट्यातली खोली त्याच्या जवळपासही नाही. पण बालाघाटची खाण चारशे मीटरच्या पुढे गेलेली आहे आणि पिलरची आखणी आजच करायला हवी.

पाण्याचं सांगून थांबतो. पावसाळ्यात भिंत पाझरते असं तुम्ही लिहिलंत. ते पाणी कुठून येतं हे शोधल्याशिवाय कुठलीही पद्धत बदलू नका. या पट्ट्यात ब्रिटिश काळापासूनची जुनी कामं आहेत आणि त्यांचे नकाशे अर्धवट आहेत. १९७५ च्या डिसेंबरमध्ये चासनालाच्या कोळसा खाणीत वरच्या जुन्या कामांतलं पाणी फुटलं आणि पावणेचारशे माणसं गेली. पाणी साठलेल्या कामापासून ६० मीटरच्या आत शिरायला आधी परवानगी लागते. मात्र नकाशा संशयास्पद असेल तर मी हे अंतर नकाशावरच्या रेषेपासून न धरता, चुकीची शक्यता मिळवून धरतो, आणि फेसच्या पुढे सतत बोअरहोल ठेवतो. पाझर पावसाच्या दोन-तीन दिवसांत वाढत असेल तर तो वरून भेगांतून येतोय, पृष्ठभागावरचे चर आणि नाले दुरुस्त करून बराच कमी होईल. पाऊस संपून महिने झाले तरी तो तसाच राहत असेल तर कुठेतरी साठा आहे, आणि तो उपसून होईपर्यंत त्या बाजूचा स्टोप बंद.

माझा वरचा हिशेब तुमच्या वर्णनावर बेतलेला आहे. हँगिंग वॉलमधल्या बोअरहोलचा कोअर स्वतः पाहा, भिंतीपासून पहिल्या पाच मीटरचा आरक्यूडी वेगळा काढा. तो ७० च्या वर आला आणि सांध्यांत मऊ थर नसेल तर जेए १ धरा. तेव्हा गुणाकार बाराच्या आसपास जातो आणि अव्होकाची उघडी लांबी दहा-बारा मीटरपर्यंत वाढवता येईल. आरक्यूडी पंचवीसच्या खाली आला तर स्लाइस दोन मीटरवर आणा. उतार कुठे ४५ अंशांखाली गेला असेल तर तेही कळवा. तिथे पाडलेलं ओअर फुटवॉलवरून आपोआप घसरत नाही, त्यामुळे लाँगहोलचा विचारच त्या भागापुरता बाजूला ठेवावा लागेल.